मुंग्या येतात म्हणजे रक्त घट्ट झालंय?

"हातापायाला मुंग्या आल्या की समजा रक्त घट्ट झालं, रोज लसूण खा" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, मांडी घालून बसलं की पाय बधिर होतोच ना. पण सारख्या येणाऱ्या मुंग्यांचं मूळ बहुतेक वेळा नर्व्हमध्ये, म्हणजे मज्जातंतूत असतं. आधी कुठे येतात ते बघा. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, तर मनगटात नर्व्ह दबत असू शकते, करंगळीला असेल तर कोपरात. दोन्ही पायांच्या तळव्यांना सारख्याच असतील तर शुगर, बी१२, थायरॉईड तपासा, आणि बी१२च्या गोळ्या टेस्टआधी सुरू करू नका, रिपोर्ट फसवा येतो. अचानक एकाच बाजूला मुंग्या आणि बोलणं अडखळतंय, तर थेट हॉस्पिटल.