डीडीआर३ आणि डीडीआर३एल रॅमची सुसंगतता

जुन्या लॅपटॉपची किंवा पीसीची रॅम वाढवताना सगळ्यात जास्त घोळ घालणारी जोडी म्हणजे डीडीआर३ आणि डीडीआर३एल हे रॅमचे दोन प्रकार. डीडीआर३चं स्टँडर्ड जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये काढलं, त्यात व्होल्टेज १.५ ठरलं, मग २०१० मध्ये त्याला पुरवणी जोडली आणि १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल आली. पिना आणि खाच दोघींची सारखीच, डेस्कटॉपला २४० पिना, लॅपटॉपला २०४, त्यामुळे चुकीची स्टिक (रॅमची पट्टी) सुद्धा स्लॉटमध्ये मुकाट बसते. (डेस्कटॉपच्या डीडीआर२लाही २४० पिनाच आहेत, पण तिची खाच दुसरीकडे असते म्हणून ती बसतच नाही.)

एलवाली स्टिक १.५ व्होल्टवरही चालते, स्टँडर्डमध्येच तशी सोय आहे. उलटं मात्र धरून चालू नये. इंटेलच्या चौथ्या पिढीचे, म्हणजे २०१३च्या हॅसवेलचे लॅपटॉप १.३५ व्होल्टच मागतात, साधी डीडीआर३ लावली की बऱ्याचदा स्क्रीन काळीच राहते.

खरा वाद २०१५च्या स्कायलेकवरून, म्हणजे इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवरून झाला. चालणाऱ्या रॅमच्या इंटेलच्या यादीत डीडीआर४ (डीडीआर३नंतरची पिढी) आणि डीडीआर३एल एवढंच होतं, १.५ किंवा १.६५ व्होल्टची रॅम प्रोसेसरला इजा करू शकते असंही त्यांनी सांगितलं, तरी काही मदरबोर्डवाल्यांनी साधी डीडीआर३ चालेल म्हणून बोर्ड विकलेच. बोर्डवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसेल, पण मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, प्रोसेसरच्या पोटात असतो आणि तो गेला की प्रोसेसरच गेला, तेव्हा इंटेलचं ऐकलेलं बरं.

दुसरी अडचण चिपच्या घनतेची, म्हणजे स्टिकवरच्या एकेका चिपमध्ये किती डेटा मावतो त्याची. १६ जीबीच्या एका स्टिकला ८ गिगाबिटच्या चिपा लागतात, त्या हॅसवेलपर्यंतचे साधे इंटेल प्रोसेसर ओळखत नाहीत, तिथे ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, 'फक्त एएमडी' लिहिलेल्या डेस्कटॉप स्टिकवर चार-चार बिट रुंदीच्या (एका वेळी चारच बिट देणाऱ्या) चिपा असतात, त्या इंटेलच्या घरगुती बोर्डवर चालत नाहीत.

लेबलवर पीसी३एल-१२८००एस असेल तर एल म्हणजे कमी व्होल्टेज, शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची, आणि १२८०० म्हणजे १६०० स्पीडची. दोन स्टिकचे स्पीड वेगवेगळे असले तर दोन्ही सहसा हळू स्टिकच्या स्पीडवर चालतात.