'बिनशर्त स्थिर' टाइम स्टेप: एका शब्दप्रयोगाची पार्श्वभूमी

१९१० साली उष्णतावहनाचं समीकरण आकड्यांनी सोडवायची एक पद्धत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. टाइम स्टेप, म्हणजे गणितात एका पायरीला पुढे सरकायचा वेळ, कितीही बारीक घेतली तरी ती पद्धत अस्थिरच, हे पुढे कळलं. हाताने काढलेल्या मोजक्या पायऱ्यांत चूक फुगायला वावच नव्हता. साध्या एक्सप्लिसिट पद्धतीला (ती पुढचं तापमान थेट आधीच्या तापमानांवरून काढते) निदान ठाम मर्यादा आहे. पोलादाच्या जाडीत १ मिमीवर नोड (तापमान काढायचे बिंदू) घेतले, तर एका मितीत टाइम स्टेप सुमारे ०.०४ सेकंदाच्या आत ठेवावी लागते. जाळी निम्मी केली, म्हणजे नोडमधलं अंतर अर्धं केलं, की स्टेप चौथाईवर येते.

या जाचातून सुटका केली ती १९४७ च्या क्रँक-निकल्सन पद्धतीने, जी पायरीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थितीची सरासरी घेते. तिचं वर्णन पाठ्यपुस्तकांत 'बिनशर्त स्थिर' असं रुळलं, आणि माझ्या मते सगळा घोळ या दोन शब्दांनी घातला. 'स्थिर' म्हणजे चूक पायरीगणिक वाढत जात नाही, एवढंच. उत्तर बरोबर येईल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. वाचणाऱ्याने मात्र 'स्टेप हवी तेवढी घ्या' असाच अर्थ घेतला.

जाड पोलादी पाटा घ्या, सगळीकडे ९०० अंश सेल्सिअस. त्याचा पृष्ठभाग एकदम ३० अंशांवर आणला. नोड १ मिमीवर, टाइम स्टेप १ सेकंद. क्रँक-निकल्सनने पहिल्याच पायरीला पृष्ठभागाखालच्या पहिल्या नोडचं तापमान येतं उणे २६० अंश! गणित अस्थिर झालेलं नाही, बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. जाळीवरचा सर्वांत बारीक चढउतार अशा स्टेपला दर वेळी चिन्ह बदलतो आणि जेमतेम ८ टक्के घटतो, म्हणून दहा पायऱ्यांनंतरही त्याचा ४० टक्क्यांहून जास्त भाग शिल्लक असतो.

बॅकवर्ड ऑयलर पद्धतीत (ती फक्त पायरीच्या शेवटची स्थिती धरते) तोच चढउतार एका पायरीत २ टक्क्यांवर येतो, म्हणून कामाला मी तीच घेतो. पण वरच्याच उदाहरणात ती त्या नोडला २४७ अंश देते आणि खरं उत्तर १७१ च्या आसपास आहे. आलेख मात्र इतका गुळगुळीत दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. उणे २६० निदान डोळ्यांत खुपतं.

१९७० च्या दशकात स्टिफ समीकरणांसाठी (ज्यांत काही बदल फार झपाट्याने आणि काही फार सावकाश होतात) प्रोग्रॅम आले. ते दर पायरीला चूक किती झाली याचा अंदाज घेत, ती जास्त निघाली तर पायरी रद्द करून लहान स्टेपने पुन्हा करत. औद्योगिक पॅकेजांत बऱ्याचदा याहून ढोबळ अट असते: एका स्टेपमध्ये तापमान अमुक अंशांहून जास्त बदलू नये. तापमानातला बदल म्हणजे चूक नव्हे. नोड एकसारख्या वेगाने तापत असेल तर ही अट उगाच बारीक स्टेप घ्यायला लावते.

ओतकामात मात्र ती अट कामाला येते. गोठताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता उष्माधारकतेत (तापमान अंशभर वाढवायला लागणाऱ्या उष्णतेत) मिसळून मांडली असेल आणि नोडने एकाच स्टेपमध्ये गोठण्याचा सगळा टप्पा ओलांडला, तर ती उष्णता हिशेबातून गळते. सिम्युलेशनमधलं कास्टिंग लवकर गोठतं, साच्यातलं नाही. तापमानाऐवजी एन्थाल्पीचा, म्हणजे सुप्त उष्णता धरून एकूण उष्णतेचा, हिशेब ठेवला की ही गळती थांबते, पण स्टेप मोठी असेल तर गोठण्याची वेळ तरीही सरकते.