ओल्या लाकडातली उष्णता जाते कुठे?

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून ओलं सरपण किरकोळीत विकायला बंदी आहे. दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल, तर त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या वर असता कामा नये. घरच्या फायरप्लेसमध्ये काय जाळावं यासाठी कायदा कशाला, असं वाटेल. मला तो अगदी रास्त वाटतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात बऱ्याचदा निम्मं पाणीच असतं. असं एक टन लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं, तर सव्वासहाशे किलो भरतं. बाकीचं पावणेचारशे लिटर पाणी वाऱ्यानं नेलेलं असतं, तेही फुकटात. तेच काम आगीकडून करून घ्यायचं तर एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो सुकं लाकूड देतं साधारण १८ मेगाज्यूल. म्हणजे निम्मं पाणी असलं, तरी हा खर्च सातव्या हिश्श्याच्या आसपास. मग ओली लाकडं कितीही घातली तरी खोली का तापत नाही?

कारण ज्वाळा असते ती लाकडातून निघणाऱ्या वायूंची. तापलेल्या लाकडाच्या सुक्या वजनापैकी सुमारे ८० टक्के भाग वायू आणि वाफांच्या रूपात बाहेर पडतो. हे वायू नीट जळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पाणी उडेपर्यंत लाकडाचा ओला भाग १०० अंशांपाशीच अडकतो, वाफेनं आगही थंडावते आणि वायू न जळताच वर निघून जातात. डोळ्यांत पाणी आणणारा तो धूर म्हणजे वाया गेलेलं इंधनच. मोठा तोटा इथे होतो. त्यातला काही भाग थंड धुराड्यात डांबरासारखा चिकटतो आणि कधीतरी तिथेच पेट घेतो. उरलेले सूक्ष्म कण गल्लीतल्या सगळ्यांच्या फुप्फुसांत जातात.

वाळवायचं म्हणजे नुसतं ठेवून द्यायचं नाही. लाकूड ही उभ्या बारीक नळ्यांची मोळी आहे. नळ्यांच्या पोकळीतलं पाणी आधी आणि तुलनेनं लवकर जातं. मग उरतं ते नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं. ते चिवट असतं. ते जाऊ लागलं की लाकूड आकसतं आणि कापलेल्या टोकावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या भेगा पडतात. पाणी नळ्यांच्या लांबीच्या दिशेनं आडव्यापेक्षा कितीतरी वेगानं सरकतं, म्हणून ओंडके आखूड कापायचे. साल पाणी अडवते, म्हणून ते फोडायचे. बर्च या युरोपातल्या झाडाचा ओंडका न फोडता ठेवला तर सालीच्या आत कुजून जातो. ओकच्या गाभ्यातल्या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून बुजलेल्या असतात. ओकच्या पिंपातून वाइन गळत नाही ती यामुळेच, आणि ओकचं जळण वाळायला दोन वर्षं लागतात तीही काही अंशी यामुळेच. ॲश या झाडाच्या लाकडाचं एका उन्हाळ्यात बऱ्यापैकी काम होतं.

रास जमिनीपासून वर, वाऱ्याच्या वाटेवर रचावी. झाकण फक्त माथ्यावर. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की ओल आतच कोंडते.

कोकणात अगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत फाटी आधीच छपराखाली जातात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. सुकं लाकूड हवेतला ओलावा परत शोषतं. पण आषाढातल्या ९० टक्के आर्द्रतेतही, थेट पाऊस लागला नाही तर, ते २० टक्क्यांच्या आसपासच थांबतं आणि चुलीत पेटतं.

लाकूड वाळलं की हलकं लागतं आणि दोन फाकी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात. ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र असेल, तर ते टोकाला टोचू नका. टोक सगळ्यात आधी सुकतं. ओंडका फोडा आणि ताज्या फोडीच्या मधोमध मोजा.