टॉन्सिलचं ऑपरेशन : आदल्या रात्रीपासून पुढचे दोन आठवडे (पालकांसाठी माहितीपत्रक)

ऑपरेशनची तारीख ठरली की आमच्या रिसेप्शनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : "सकाळी निघताना थोडं दूध दिलं तर चालेल ना?" चालत नाही. आणि ठरलेलं ऑपरेशन ऐनवेळी पुढे ढकलावं लागतं ते बहुतेकदा याच दुधापायी. ऑपरेशन का करायचं हे डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी समजावलेलंच आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. हे पत्रक मुख्यतः त्या एका सकाळसाठी आहे.

उपाशी म्हणजे नेमकं किती उपाशी

मुलाला पूर्ण भूल दिली जाते. एरवी घशात काही आलं की ठसका लागतो आणि श्वासनलिका वाचते. भुलेत तो ठसका बंद असतो. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, आणि ते मुलाच्या जिवावर बेतू शकतं. दूध दिसायला पातळ, पण पोटातल्या आम्लाने त्याचे घट्ट गोळे होतात. म्हणून भूलतज्ज्ञ दुधाला जेवणातच धरतात.

हिशेब असा आहे : जेवण, बिस्किट, गाईम्हशीचं किंवा पावडरचं दूध भुलेच्या 6 तास आधीपर्यंत. अंगावरचं दूध 4 तास आधीपर्यंत. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. चहा, ताक, पेज, चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि गर असलेला रस यांतलं काहीही पाण्यात मोडत नाही.

सकाळी 8 ची वेळ मिळाली असेल तर रात्री 9 च्या सुमारास नेहमीसारखं पोटभर जेवू द्या. झोपताना दुधाची सवय असेल तर तेही 11 च्या आत उरका. मग पहाटे साडेपाचला उठवून अर्धा पेला साधं पाणी आवर्जून पाजा. 6 नंतर पाणीही नाही. "रात्री 12 नंतर पाण्याचा थेंबही नको" असं अनेक घरांत ऐकून माहीत असतं. त्याची गरज नाही. रात्रभर कोरडं राहिलेलं मूल जास्त रडतं, त्याची शीरही लवकर सापडत नाही. भुलेआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांनी तुमच्या मुलासाठी वेगळी वेळ लिहून दिली असेल, तर तीच धरा.

चूक बहुधा आईवडिलांच्या हातून होत नाही. त्यांना सांगितलेलं असतं. आजीला, मावशीला, सांभाळणाऱ्या ताईंना सांगायचं राहून जातं. लेकरू रडतंय म्हणून कोणीतरी एक बिस्किट हातात देतं. निघताना देवासमोरची खडीसाखर किंवा पेढा तोंडात जातो, कारण प्रसादाला खाणं असं कोणी समजतच नाही. प्रसाद डबीत घालून बरोबर आणा, डॉक्टर खायला परवानगी देतील तेव्हा द्या. मुलाचे खिसे आणि शाळेची बॅग आदल्या रात्रीच तपासा, चॉकलेटच्या गोळ्या हमखास तिथेच सापडतात. आणि त्याच्यासमोर तुम्ही किंवा भावंडांनी नाश्ता करू नका.

पोटात काही गेलंच असेल तर आल्याआल्या सांगा. आम्ही रागावणार नाही. लपवलेला घोट मात्र फार धोक्याचा. वेळ उरत असेल तर त्याच दिवशी उशिरा घेतो, नाहीतर पुढची तारीख देतो. "आता तीन तास झालेत, घ्या ना करून," असा आग्रह होतो. विरारहून, बदलापूरहून रजा टाकून, पहाटेची गाडी करून आलेल्या माणसाला परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं. तरी या एका बाबतीत आम्ही कोणासाठीही नियम मोडत नाही. लहान मुलांना जास्त वेळ उपाशी राहावं लागू नये म्हणून आमच्याकडे पहिल्या वेळा त्यांच्यासाठीच राखलेल्या असतात. 8 वाजताच्या मुलाला थांबवावं लागलं की त्याच्यामागचं तितकंच उपाशी मूल आणखी ताटकळतं.

आदल्या दिवसांत

ताप, खोकला किंवा छातीत घरघर असेल तर येण्याआधी फोन करा. नुसतं नाक वाहत असेल तरी कळवा, ठरवू द्या आम्हाला. एखादा दुधाचा दात हलत असेल तर भूलतज्ज्ञांना दाखवा. घरात कोणाला जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर ते रिपोर्ट नॉर्मल आले तरी सांगाच. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावायच्या यंत्राला त्याचा अडथळा होतो. चांदीचा करगोटा, वाळे, कानातले घरीच उतरवून ठेवा. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे चटका बसू शकतो. काळा दोरा असेल तर राहू द्या, त्यात धातूचा मणी तेवढा नको.

मुलाला खरं सांगा. "राणीच्या बागेत जाऊ" म्हणून आणलेलं मूल दारातच बिथरतं आणि पुढे तपासणीलाही येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलं तरी पुरतं, मोठ्याला आठवडाभर आधी. "तू झोपशील, तेव्हा डॉक्टर घशातला दुखरा भाग काढतील, उठल्यावर घसा दुखेल, मी तिथेच असेन." एवढंच. दुखणार नाही असं म्हणू नका. आवडतं खेळणं किंवा पांघरूण बरोबर आणा, ते आत नेऊ देतो. भूल चढेपर्यंत आई किंवा वडील, एकाला सोबत थांबता येतं.

घरी गेल्यावर

बरं व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. पहिल्या दोन दिवसांत मूल खेळायला लागतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढतं. ते अपेक्षित आहे. घशात पांढरट-पिवळट थर दिसतो. तो पू नव्हे, जखमेवरची खपली आहे. तोंडाला वास येतो, कान दुखतो (घशाची आणि कानाची नस एकच), काही दिवस आवाज नाकातून येतो. यासाठी काही करावं लागत नाही.

औषध दुखल्यावर नव्हे, घड्याळ बघून द्या. दुखू लागलं की मूल गिळत नाही, पाणी पीत नाही, घसा सुकतो आणि आणखी दुखतो. फक्त आम्ही लिहिलेली बाटलीच वापरा. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 मिग्रॅ असतं तसं 250 मिग्रॅही असतं, त्यामुळे घरात पडलेल्या बाटलीतून तेवढाच चमचा दिला तर डोस दुप्पट होऊ शकतो. सर्दीच्या अनेक सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतंच. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

पाणी महत्त्वाचं, जेवण थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. मऊ वरणभात, दहीभात, खिचडी, गार खीर, साधं आईस्क्रीम द्या. गिळायला जमेल तसं नेहमीचं जेवणही चालतं, चावल्याने घसा मोकळा होतो. चकली, वेफर्स, टोस्ट, लिंबू-चिंच आणि गरमागरम पदार्थ टाळा. काला-खट्टाचा गोळा, गुलाबाचं सरबत, बीट हेही नको : उलटी झाली तर रंग आहे की रक्त हे कळत नाही. हळदीचं दूध थंड करून दिलंत तर आमची हरकत नाही. जोरजोरात गुळण्या मात्र करवू नका.

रक्त

पहिल्या 24 तासांत, आणि नंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खपली सुटताना रक्त येऊ शकतं. क्वचितच येतं, पण आलं तर थोडं असलं तरी सकाळची वाट बघू नका. मुलाला बसवा, पुढे वाकवून थुंकू द्या, खायला काही देऊ नका, आम्हाला फोन करून निघा. रक्त जास्त असेल तर 108 ला फोन करा किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. झोपेत मूल सारखं गिळत असेल तर टॉर्चने घसा बघा. 8 तास लघवी झाली नसेल, तरीही कळवा.

म्हणूनच मे महिन्यात ऑपरेशन करून लगेच गावी जाऊ नका. सुट्टीत तारखा भराभर जातात, आणि पाचव्या दिवशी कोकणात निघायची तिकिटं आधीच काढलेली असतात. रात्री दोन वाजता घाटात रक्त आलं तर कुठे जाणार? दोन आठवडे मुंबईतच राहा. शाळा, पोहणं, धावपळ तोवर बंद. गावी जायचंच असेल तर तारीख घेतानाच बोला, आम्ही सुट्टीच्या सुरुवातीची वेळ बघू.

तीन वर्षांखालच्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना आम्ही एक रात्र ठेवून घेतो. हा खर्च वाढवण्याचा प्रकार नाही. अशा मुलांवर रात्रभर लक्ष लागतं आणि आमच्याकडे रात्री नर्स जागी असते. इतर बहुतेक मुलं संध्याकाळी घरी जातात.

विम्याची चौकशी तारीख घेण्याआधी करा. टॉन्सिलसाठी अनेक पॉलिसींमध्ये सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तोवर विमा या ऑपरेशनचे पैसे देत नाही. पॉलिसीची प्रत आणलीत तर कॅशलेसची कागदपत्रं आमच्याकडेच तयार होतात. ऑपरेशननंतरच्या तपासणीचे पैसे वेगळे नाहीत. रात्रीचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.