स्विचला ‘प्रेस’चा स्टिकर चालत नाही

“क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, नेटवर्कवर कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारं सेटिंग) ऑन करा, नेट फास्ट होतं” असं मला आठवड्यातनं एकदा तरी कोणीतरी सांगतंच. नाही होत हो! लाइन तेवढीच राहते, गर्दी झाली तर आधी कोण निघणार एवढंच ठरतं, आणि गर्दीच नसेल तर तेही नाही. उलट मी ऑन केल्यावर फोन अजून बिघडले होते.

इंदूरला सियागंजात एका होलसेलवाल्यांचं नेटवर्क मी बघतो. खाली गोदाम, वर ऑफिस, मधे 100 एमबीपीएसची जुनी लिंक. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की आयपी फोनवर, म्हणजे नेटवर्कवरूनच चालणाऱ्या फोनवर, गोदामातनं ओरडा, “भिया, आवाज कट रिया है!” म्हणून स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या डब्यावर, क्यूओएस ऑन केलं आणि निवांत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आवाज आणखी तुटक.

झालं काय, तर नेटवर्कवर डेटा छोट्या पुडक्यांत जातो, त्यांना पॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक आयपी पॅकेटच्या हेडरमधे, म्हणजे पुढच्या पत्त्याच्या भागात, 6 बिटांची एक चिठ्ठी असते, तिला डीएससीपी म्हणतात, 1998 साली ठरलेली, आकडा 0 ते 63. साधा डेटा 0, आवाज 46. फोन स्वतःच 46 लिहून पाठवतो. पण स्विचने ते खरं का मानावं? पलासिया चौराह्यावर उभे राहून बघा किती गाड्यांवर ‘प्रेस’ लिहिलंय, सगळे काय पत्रकार आहेत? म्हणून मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचमधे पोर्टागणिक, म्हणजे वायरीच्या प्रत्येक खाचेला वेगळं, सेटिंग असतं, ट्रस्ट किंवा अनट्रस्ट. ट्रस्ट असेल तर चिठ्ठी वाचून पॅकेट त्या त्या रांगेत टाकतो, अनट्रस्ट असेल तर सरळ खोडून 0 लिहितो, आणि एकदा खोडलं की पुढच्या स्विचला कळायला मार्गच नाही. आमच्या जुन्या मॉडेलमधे क्यूओएस ऑफ असताना चिठ्ठीला हातच लागत नाही, पण ऑन केलं रे केलं की सगळे पोर्ट आपोआप अनट्रस्ट! वर बफरचे (पॅकेटं थांबायच्या जागेचे) चार रांगांत वाटे पडतात, त्यामुळे फोन आणि बॅकअप दोघंही शून्यवाल्या रांगेत, तीही आता आखूड.

आता माझा आवडता हिशोब. 1500 बाइटचं पॅकेट म्हणजे 12,000 बिट, 100 एमबीपीएसवर निघायला 0.12 मिलिसेकंद. पुढे अशी 300 उभी असतील तर 36 मिलिसेकंद गेले, आणि फोन तर दर 20 मिलिसेकंदाला एक पॅकेट सोडतो. सगळ्यांच्या आधी सुटणाऱ्या प्रायॉरिटी रांगेत मात्र फार तर जे पॅकेट आत्ता निघतंय तेवढं संपायची वाट बघायची, म्हणजे तेच 0.12!

कॅप्चर लावला, म्हणजे जाणारी पॅकेटं पकडून बघितली, तर चिठ्ठीच्या बाइटमधे फोनकडून आत येताना 184 आणि लिंकवर बाहेर पडताना 0. 184 बघून दचकू नका, बाइट 8 बिटांचा, खालचे 2 बिट गर्दीच्या इशाऱ्यासाठी, म्हणून 46 गुणिले 4. 46 म्हणजे 101110, त्यातले पहिले तीन 101 म्हणजे 5, आणि व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं पाडायच्या सोयीच्या) टॅगमधे प्रायॉरिटीला तीनच बिट असतात म्हणून तिथे आवाज बहुतेक 5 नंबरने जातो. (इथवर आलात तर चहा माझ्याकडून.)

मधे मालकांनी रॅकवर लिंबू-मिरची टांगली होती. दसऱ्याला हार मीही घालतो, पण लिंबाचा रस पोर्टात गेला तर शनी नाही, मीच येणार दुरुस्तीला, बिल घेऊन. ‘गेमिंग स्विच’च्या डब्यावरचे दावेही मला त्याच टोपलीतले वाटतात.

शेवटी फोनच्या पोर्टांना आणि मधल्या लिंकला ट्रस्ट दिला, पीसींना नाही. प्रायॉरिटी रांगेला लिंकच्या एक तृतीयांशची मर्यादा घातली, नाहीतर ती रांग भरलेली असेपर्यंत बाकीचे नुसते ताटकळत बसतात. त्या संध्याकाळी बॅकअप चालू असताना खालून फोन आला, आवाज अगदी स्वच्छ. गोदामातला पोरगा होता, “सर, मेरे गेम को भी 46 दे दो ना.”