शिशाची बंदी आणि छोट्या संख्येचे बोर्ड

गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार सर्किट आखून, बोर्ड बनवून देण्याचा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला. हाताने जोडलेल्या तारा जाऊन छापील बोर्ड आले. 1980 च्या दशकात सुटे भाग थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसू लागले. त्यासाठीची यंत्रे महाग, म्हणून जोडणीचे काम बाहेर देणे रुजले. आजचा गुंता मात्र 1 जुलै 2006 पासूनचा आहे.

त्या दिवसापासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर मर्यादा आली: ‘एकजिनसी पदार्थाच्या’ वजनाच्या 0.1 टक्का. या शब्दाने अनेकांना गोंधळात टाकले. टक्केवारी अख्ख्या बोर्डाची नसते. वेगळा करता येत नाही असा प्रत्येक पदार्थ, अगदी पिनेवरचा काही मायक्रॉनचा मुलामासुद्धा, स्वतंत्र मोजायचा.

सोल्डर म्हणजे वितळवून सुटे भाग बोर्डाला जोडणारा मिश्रधातू. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेले जुने सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या जागी आलेले कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण साधारण 217 अंशांपुढे. सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनचे तापमान 240 च्या आसपास न्यावे लागले आणि तो ताप बोर्डाला, कनेक्टरांना, कपॅसिटरांना सोसावा लागला.

लष्करी आणि अवकाश उपकरणे नियमाबाहेर होती. वैद्यकीय आणि मोजमाप-नियंत्रणाची उपकरणेही सुरुवातीला बाहेर होती. ती 2014 ते 2017 दरम्यान टप्प्याटप्प्याने आत आली. पण ही सूट बरीचशी कागदावरच राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्या भागांचे उत्पादक मोबाइल आणि संगणकांच्या प्रचंड मागणीवर चालतात. दोनशे बोर्डांच्या ऑर्डरसाठी शिसेयुक्त पिनांचा वेगळा साठा कोण ठेवणार? सूट असलेल्यालाही शुद्ध कथलाच्या पिनाच मिळू लागल्या.

शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसासारखे धातूचे तंतू उगवतात, त्यांना टिन व्हिस्कर म्हणतात. ते शेजारच्या पिनेला टेकले की शॉर्ट. कथलात थोडे शिसे मिसळले की हा उपद्रव आटोक्यात राहतो, हे 1950 च्या दशकापासून माहीत होते. 1998 मध्ये एक दूरसंचार उपग्रह निकामी झाला, तोही अशाच तंतूंमुळे, असे मानले जाते. म्हणून अतिविश्वसनीय बोर्ड बनवणारे पिना पुन्हा शिसेयुक्त सोल्डरमध्ये बुडवून घेतात, बीजीए चिपचे (पिनांऐवजी खालच्या बाजूला सोल्डरचे छोटे गोळे असलेल्या चिपचे) गोळे काढून शिसेयुक्त बसवतात. गोळे तसेच ठेवून जुने सोल्डर जुन्याच तापमानाला वापरले, तर गोळा पुरता वितळत नाही आणि जोड कच्चा राहतो. एवढा खटाटोप घरगुती वस्तू डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या नियमामुळे करावा लागतो, आणि त्याचा खर्च छोट्या ऑर्डरवरच पडतो.

85 टक्के किंवा त्याहून जास्त शिसे असलेल्या उच्च तापमानाच्या सोल्डरची सवलत मात्र वेळोवेळी वाढवली गेली, कारण पॉवर सेमीकंडक्टरांमध्ये, म्हणजे जास्त वीज हाताळणाऱ्या भागांमध्ये, चिप आतून चिकटवायला तितका भरवशाचा पर्याय सगळीकडे सापडलेला नाही.