कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन : कॅलिफोर्नियातील जुन्या पिकअपसाठी पात्रता, कागदपत्रे आणि तपासणी

कॅलिफोर्नियात नोंदणी असलेल्या जुन्या पिकअपचा कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचे असेल, तर त्यासाठी वाहनमालकाने भरायचा कोणताही परवानगी अर्ज नाही. बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. मान्यता गाडीला नव्हे, तर बसवल्या जाणाऱ्या किटला दिली जाते आणि त्यासाठीचा अर्ज किटचा उत्पादक कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाकडे करतो. मालकाकडे दोनच कामे उरतात : आपली गाडी त्या मान्यतेत बसते की नाही हे किट विकत घेण्यापूर्वी पाहणे, आणि बसवल्यानंतर ते स्मॉग चेकमध्ये, म्हणजे राज्याच्या सक्तीच्या प्रदूषण तपासणीत, दाखवून देणे. मान्यताप्राप्त किट उपलब्धच नसेल, तर इंजेक्शन असलेले संपूर्ण इंजिन बसवून ते रेफरीकडून, म्हणजे शासनाने नेमलेल्या खास तपासणी व्यवस्थेकडून, तपासून घेण्याचा दुसरा मार्ग मोकळा असतो.

राज्याच्या वाहन संहितेतील कलम २७१५६ नुसार, गाडीला आवश्यक असलेल्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या मूळ रचनेत किंवा कामगिरीत फरक पाडणारा भाग बसवण्यास, विकण्यास आणि त्याची जाहिरात करण्यासही मनाई आहे. बोर्डाने ज्या भागाला ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ देऊन सूट दिली आहे, तेवढ्याच भागाला हा नियम लागू होत नाही. अशा यंत्रणेशी छेडछाड करण्यास केंद्रीय स्वच्छ हवा कायद्यानेही बंदी घातलेली आहे. त्यामुळे नीट बसवलेल्या इंजेक्शनमुळे धूर कमी होतो, हा युक्तिवाद कितीही खरा असला तरी तपासणी केंद्रावर उपयोगी पडत नाही. नळीतून निघणारा वायू मर्यादेत असूनही केवळ भाग मान्यताप्राप्त नाही म्हणून गाडी नापास होऊ शकते, आणि तशी ती होतेही.

पात्रतेचा पहिला निकष म्हणजे गाडीचे मॉडेल वर्ष. पेट्रोलवर चालणाऱ्या १९७५ पर्यंतच्या मॉडेलना स्मॉग चेकमधून सूट आहे, तर १९७६ पासूनच्या मॉडेलची ही तपासणी करून घ्यावी लागते. पूर्वी तीस वर्षांहून जुन्या गाड्या दरवर्षी आपोआप सुटत असत. २००४ साली झालेल्या कायद्याने ती रेषा १९७५ वर कायमची थांबवली. त्यामुळे १९७८ ची पिकअप आणखी काही वर्षांनी सुटेल, ही आशा धरण्यात अर्थ नाही. सूट चाचणीतून आहे, कलम २७१५६ मधून नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. १९७२ च्या गाडीला कोणी तपासणीला बोलावणार नाही, पण तिच्यावर मुळात असलेली नियंत्रण साधने काढून टाकण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. खरी मोकळीक आहे ती बोर्डाच्या व्याख्येत ‘अनियंत्रित’ ठरणाऱ्या गाड्यांना : कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित झालेल्या अमेरिकी बनावटीच्या १९६५ पर्यंतच्या, आणि केंद्रीय प्रमाणनाच्या किंवा परदेशी बनावटीच्या १९६७ पर्यंतच्या गाड्या. त्यांच्यावरही कारखान्यातून आलेली क्रँककेस वायुवीजनाची व्यवस्था असेल, तर ती तशीच ठेवावी लागते.

आता १९७६ पासूनच्या पिकअपकडे वळू. एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा क्रमांक सामान्यतः ‘डी’ या अक्षराने सुरू होतो आणि बोर्डाच्या संकेतस्थळावरील यादीत तो शोधता येतो. मात्र क्रमांक सापडला की काम झाले, असे समजू नये. मूळ आदेश उघडून त्याला जोडलेला तक्ता वाचावा, कारण सूट ठरावीक बनावट, मॉडेल वर्षे आणि इंजिनाचा आकार यांच्यापुरतीच असते. १९८१ ते १९८५ साठी मान्य असलेले किट १९८० च्या गाडीवर बसवले, तर ते मान्यता नसलेल्या किटसारखेच धरले जाते. आदेशात अटीही असतात, त्यामुळे मूळ साधने आणि इग्निशन टायमिंग यांबाबत तो काय म्हणतो ते पाहावे. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘फक्त शर्यतीसाठी’ किंवा ‘प्रदूषण नियंत्रण असलेल्या गाड्यांसाठी कॅलिफोर्नियात वैध नाही’ असा मजकूर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो दिसला की पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही.

मान्यताप्राप्त किट मिळाले तरी ते बसवताना मूळ यंत्रणा शाबूत ठेवणे, हा या कामाचा सर्वांत जिकिरीचा भाग आहे. बॉनेटखालच्या लेबलावर व्हॅक्यूम नळ्यांचा नकाशा छापलेला असतो आणि तपासनीस तो समोर ठेवून एकेक साधन पाहतो : चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा डबा), ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा), पीसीव्ही (क्रँककेस वायुवीजनाचा व्हॉल्व्ह), गरम हवा घेणारा एअर क्लीनर, असल्यास एअर पंप, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील घातक वायू कमी करणारे साधन). कार्ब्युरेटर निघाला की त्यावर जोडलेल्या नळ्यांची जागाच जाते. कार्ब्युरेटरच्या जागी येणाऱ्या नव्या थ्रॉटल बॉडीवर कॅनिस्टरच्या पर्जसाठी (साठलेली वाफ इंजिनात ओढून घेण्यासाठी) आणि ईजीआरसाठी योग्य जोडणी नसेल, तर नळ्या बूच लावून बंद करण्याचा मोह होतो, आणि गाडी तिथेच नापास होते. इंधनाच्या बाजूलाही लक्ष द्यावे लागते. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप साधारण ४ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब देतो, तर बाजारात मिळणाऱ्या अनेक थ्रॉटल बॉडी किटना ४० ते ६० पीएसआय लागतो. त्यासाठी टाकीत किंवा टाकीजवळ विद्युत पंप बसवताना, अनेकदा परतीची लाइन जोडताना, टाकीच्या वाफेची मूळ नळी तुटते किंवा सैल राहते. १९७६ ते १९९५ च्या बहुतेक गाड्यांची वाफरोधक यंत्रणा कमी दाबाच्या चाचणीने गळतीसाठी तपासली जाते, त्यामुळे हा दोष लपत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिन बदल. टोयोटा पिकअपचे उदाहरण घेऊ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये कार्ब्युरेटरचे २२आर इंजिन आहे, आणि त्याच दशकाच्या मध्यापासून आलेले २२आरई हे त्याचेच इंजेक्शनचे रूप आहे. असे इंजिन आणताना ते गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे, त्याच वर्गातील वाहनातून आलेले असावे, आणि गाडी कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित असेल तर इंजिनही तसेच असावे. इंजिनासोबत त्याची सर्व नियंत्रण यंत्रणा यावी लागते : संगणक, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, वाफरोधक जोडणी, आणि असल्यास ‘चेक इंजिन’ दिवाही चालू स्थितीत. स्मॉग चेक चालवणाऱ्या ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरची भूमिका अशी आहे की एका इंजिनाचे काही आणि दुसऱ्याचे काही अशी भागांची सरमिसळ सहसा मान्य होत नाही. म्हणून जुन्या २२आर वर केवळ २२आरई चे इनटेक आणि वायरिंग चढवण्यापेक्षा, अपघातात निकामी झालेली एक संपूर्ण गाडी विकत घेऊन तिच्यातील सर्व काही उचलणे माझ्या मते शहाणपणाचे आहे. वर्कशॉपमध्ये जागा अडते, पण नंतर एखाद्या ब्रॅकेटसाठी भंगारबाजार पालथा घालावा लागत नाही.

इंजिन बदललेली गाडी प्रथम रेफरीकडे नेली जाते. रेफरी ही ब्यूरोने नेमलेली तपासणी व्यवस्था असून तिच्याकडे वेळ ठरवूनच जावे लागते. बदल मान्य झाल्यास रेफरी गाडीवर लेबल लावतो. त्यात बसवलेल्या इंजिनाची ओळख आणि आवश्यक साधनांची नोंद असते, आणि पुढील चाचण्या सामान्य केंद्रांवर त्याच लेबलाच्या आधारे होतात.

कागदपत्रांची फाइल दोन्ही मार्गांसाठी आधीच तयार ठेवावी. डीएमव्हीचे (राज्याच्या वाहन नोंदणी विभागाचे) नोंदणीपत्र, नूतनीकरणाची सूचना, मागील तपासणीचा अहवाल आणि सर्व भागांच्या पावत्या तीत असाव्यात. किटच्या बाबतीत एक्झिक्युटिव्ह ऑर्डरची तक्त्यासह छापील प्रत आणि किटसोबत आलेले क्रमांकाचे स्टिकर महत्त्वाचे आहे. हे स्टिकर बॉनेट उघडताच दिसेल अशा जागी चिकटवावे, ड्रॉवरमध्ये जपून ठेवू नये. इंजिन बदलाच्या बाबतीत इंजिन ज्या गाडीतून आले तिचे वर्ष, मॉडेल आणि व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) लिहिलेली पावती, तसेच तिच्या बॉनेटखालील उत्सर्जन लेबलाचा स्पष्ट फोटो ठेवावा. कन्व्हर्टर नवा बसवला असेल, तर त्याचीही स्वतंत्र एक्झिक्युटिव्ह ऑर्डर लागते, हे अनेकदा विसरले जाते.

प्रत्यक्ष चाचणी कोणती होईल हे गाडी कोणत्या भागात नोंदली आहे यावर ठरते. कडक तपासणीच्या भागांत १९९९ पर्यंतच्या गाड्या रोलरवर ताशी १५ आणि २५ मैल वेगाच्या दोन टप्प्यांत चालवून हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजले जातात. इतर भागांत उभ्या गाडीवर दोन वेगांची चाचणी होते, आणि काही ग्रामीण भागांत तपासणी फक्त मालकी बदलतानाच लागते. अहवालात प्रत्येक साधनापुढे स्वतंत्र निकाल छापला जातो; ‘मॉडिफाइड’ असा शेरा आला असेल, तर केंद्रावरील कर्मचाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ऑर्डरची प्रत दाखवावी, आणि तरीही तोडगा न निघाल्यास रेफरीकडे वेळ घ्यावी. गाडी उत्तीर्ण झाल्यास ८.२५ डॉलर शासकीय शुल्क चाचणीच्या फीव्यतिरिक्त द्यावे लागते आणि प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डीएमव्हीकडे जाते.

प्रमाणपत्राची मुदत ९० दिवस असते. गाडी विकायची झाल्यास वैध प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी सहसा विक्रेत्यावर येते, म्हणून ऑर्डरची प्रत, पावत्या आणि रेफरीची कागदपत्रे नोंदणीपत्रासोबतच नव्या मालकाच्या हाती द्यावीत, कारण दोन वर्षांनी तपासणी केंद्रावर तीच कागदपत्रे त्याला दाखवावी लागू शकतात.